शेरूचा गुडघा

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी आम्हाला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा आम्ही ‘बँकेच्या शैक्षणिक कर्जयोजना’ हा विषय सुचविला होता. ते म्हणाले, हा विषय दोनदा होऊन गेला आहे, तुम्ही तुमच्या कुत्र्याबद्दल बोला. आम्हाला वाटले थट्टा करीत आहेत. पण ते म्हणाले, सावेडीत निम्मी वसाहत त्या कुत्र्याबद्दल बोलते, तेव्हा खरे काय झाले ते एकदा तुमच्याच तोंडून ऐकू द्या. म्हणून आज उभे आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. जे सांगतो ते पाहिलेले, केलेले आणि डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे.

शेरू २०१७ साली आमच्याकडे आला. शाखेतील एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जाताना त्यांनी वर्षभराचे हे लॅब्राडोर-मिश्र पिल्लू आमच्या दारात बांधले. आमच्या मातोश्री आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्याला चपाती कमी पडते म्हणून आमच्या सौभाग्यवतींशी वाद घालू लागल्या. तेव्हापासून त्याचे वजन वाढत गेले. सकाळी आमच्याकडची चपाती, शेजारच्यांचा पार्ले-जी, दुपारी शाळेतून येणाऱ्या मुलांच्या डब्यातील उरलेले, सणासुदीला बुंदी. २०२२ साली वाण्याच्या दुकानामागच्या धान्याच्या काट्यावर त्याला चढविले तेव्हा चौतीस किलो भरले. वाणी म्हणाला, माल चांगला आहे. आम्हीही हसलो. त्या हसण्याचे पैसे पुढे भरावे लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाच्या दिवसांत, शेरू मागचा उजवा पाय उचलून चालू लागला. पडला नाही, कोणी मारले नाही, गाडीखाली आला नाही. बसताना पाय पोटाखाली न घेता बाजूला फेकून बसायचा, एवढेच. आम्ही काय केले? आईच्या औषधांच्या डब्यात तिच्या गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची गोळी होती. तीच अर्धी करून गुळात घालून दिली. आईचा गुडघा थांबतो तर याचाही थांबेल, असा आमचा हिशेब. तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि शी डांबरासारखी काळी पडली.

विद्यार्थी मित्रांनो, काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव होऊन ते रक्त पचून बाहेर पडणे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल या गोळ्या आपल्या प्रत्येक घरात असतात आणि कुत्र्याच्या जठराला, मूत्रपिंडाला किंवा यकृताला त्या घातक ठरू शकतात. याच डायक्लोफेनॅकने आपल्या देशातील गिधाडे संपविली, हे तुमच्यापैकी विज्ञान शाखेच्या मुलांना माहीत असेल. औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस गिधाडांनी खायचे आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायचे. म्हणून २००६ साली जनावरांसाठी या औषधावर आपल्याकडे बंदी आली. वर्तमानपत्रात ती बातमी आम्ही वाचलेली होती. वाचलेली बातमी आणि आईचा औषधांचा डबा यांची आमच्या डोक्यात गाठ पडली नाही.

धावपळ करून एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट सावरले, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पायाबद्दल मात्र ते म्हणाले, मुरगळला आहे, दहा दिवस विश्रांती द्या. दहा दिवसांचे दोन महिने झाले. आम्हीही दुसऱ्याला दाखविले नाही. आपला नगर जिल्हा दुधाचा. इथे जनावरांचा डॉक्टर म्हणजे प्रथम गायी-म्हशींचा, आणि तेच योग्य आहे, कारण गायीवर घर चालते. कुत्र्याच्या गुडघ्यात एवढे काय असणार, असे आम्हालाच वाटत होते.

ऑक्टोबरमध्ये आमच्या सौभाग्यवती शेरूची मांडी चोळत असताना म्हणाल्या, हा पाय दुसऱ्यापेक्षा बारीक झाला आहे. शिंप्याची टेप लावून पाहिली. दोन मांड्यांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक. तेव्हा मेहुण्यांची ओमनी घेतली, मागचे आसन आडवे केले आणि सुपे, शिरूर, रांजणगाव करीत पुण्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी शेरूला गुंगीचे इंजेक्शन देऊन आडवे केले, एका हाताने मांडीचे हाड धरले, दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढले. ते टेबलाचा खण उघडावा तसे पुढे सरकले. चांगल्या गुडघ्यात ते असे सरकत नाही. डावा गुडघाही त्यांनी करून दाखविला. तो जागचा हलला नाही. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावून दिले. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवरून जाणारे दोन बंध असतात. त्यांतला पुढचा बंध तुटला होता. माणसात हा बंध बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात तो बहुधा जुन्या दोरासारखा धागा धागा झिजत जातो आणि एक दिवस साध्या चालण्यातही तुटतो. कुत्रा कायम गुडघा वाकवून उभा असतो आणि त्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला मांडीचे हाड त्या उतारावरून घसरू पाहते आणि हा बंध त्याला धरून ठेवतो. अंगावर सहा-सात किलो जास्त असतील तर त्या बंधाने प्रत्येक पावलाला तेवढे जास्त धरायचे. पार्ले-जी कुठे जाऊन साठले ते त्या दिवशी कळले.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही डॉक्टरांनी सांगितला, तो थोडक्यात सांगतो. १९५२ साली फिनलंडमधील साकी पात्सामा यांनी मांडीच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी हाडांत छिद्रे पाडून सांध्यातून ओवण्याची रीत मांडली. पुढे सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा बांधण्याची रीत आली. १९९३ साली अमेरिकेतील बार्कले स्लोकम यांनी निराळाच विचार प्रसिद्ध केला. तुटलेला बंध जोडत बसण्यापेक्षा हाडाचा उतारच कापून, फिरवून, पट्टी-स्क्रूने सपाट करायचा, म्हणजे हाड घसरणारच नाही. मोठ्या कुत्र्यांसाठी आज ही रीत पुष्कळ वापरली जाते.

आपल्याकडेही ही विद्या काल आलेली नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्याही मागे जायचे तर सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याची नोंद आहे. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, असेही त्यात आहे. शाळेत हा शिलालेख आम्ही पाठ केला होता. परीक्षेत दोन गुण होते.

डॉक्टरांनी दोन्ही रीतींचा खर्च सांगितला. चौतीस किलोच्या कुत्र्याला हाड कापण्याची रीत बरी, असे त्यांचे मत होते. मात्र वजन उतरविण्याची आणि बारा आठवडे कडक बंदोबस्ताची हमी देत असाल तर दोऱ्यावरही भागेल, असे ते म्हणाले. आम्ही दोरा निवडला. खरे सांगायचे तर पैशामुळे. तरी तो खर्च आमच्या एका महिन्याच्या हाती येणाऱ्या पगाराच्या जवळपास गेला आणि त्या वर्षीची मंडळाची शिष्यवृत्ती वर्गणी आम्ही दोन हप्त्यांत भरली, हे कोषाध्यक्षांना माहीत आहे.

शनिवार, १२ नोव्हेंबर २०२२. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. शस्त्रक्रियेला दीड-दोन तास लागले. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, सांध्यातली कूर्चेची चकतीही फाटली होती, तो तुकडा काढावा लागला. बंध तुटलेल्या गुडघ्यावर जितके दिवस चालावे तितकी ती चिरडत जाते. लवकर आला असता तर कदाचित वाचली असती. ते आम्हाला बोलले नाहीत, नुसती माहिती दिली. पण परतीच्या वाटेवर शिरूरपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

निघताना डॉक्टरांनी जे सांगितले ते आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. त्यांचा मुद्दा असा, की हा दोरा कायमचा नाही. काही महिन्यांनी तो सैल पडतो, क्वचित तुटतोही. तोपर्यंत गुडघ्याभोवती शरीर स्वतःची जाड ऊती तयार करते आणि पुढे आयुष्यभर गुडघा तीच धरून ठेवते. ही ऊती तयार होण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. त्या काळात कुत्रा एकदा जरी सुसाट धावला तर दोरा जाईल आणि मागे धरायला काही नसेल. म्हणजे त्यांनी दोन तास काम केले होते. उरलेले काम आमचे.

कारकुनाला वही कळते. आम्ही दुरेघी वही आणली आणि रोजकीर्दीसारखी मांडली. तारीख, चालण्याची मिनिटे, पाय टेकला की उचलला, सूज, शी, खाणे, आणि दर रविवारी टेपने मांडीचे माप.

घरात गुळगुळीत फरशी होती, ती प्रथम अडली. तीन पायांचे जनावर तिच्यावर घसरते. तेव्हा जुनी गोणपाटे आणि सतरंज्या अंथरून शेरूची वाट केली. जिन्याखालच्या जागेला खाट आडवी लावून चार फुटांची खोली केली. तीच त्याची बारा आठवड्यांची कोठडी. पहिले तीन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे गुडघ्यावर धरायचा. टाके चाटू नयेत म्हणून विकतची गळपट्टी आणली होती, ती त्याने रात्रीत फोडली. मग आमच्या चिरंजीवांनी लाल प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडांना कापड शिवून ती गळ्यात बसविली. वसाहतीतील मुले महिनाभर त्याला ‘बादलीवाला’ म्हणत. लघवीला नेताना पोटाखालून आईची जुनी सुती साडी घालायची, दोन्ही टोके हातात धरून मागचा भार उचलायचा आणि पाच मिनिटांत परत आणायचे.

चौथ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. कुशीवर निजवून पाय हलकेच दुमडायचा, हलकेच लांबवायचा, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. दुखते तिथे थांबायचे, जोर लावायचा नाही. दुपारची पाळी आईची. तिला खाली बसता येत नाही, म्हणून ती पाटावर पाय पसरून बसे आणि त्याचे डोके मांडीवर घेई. पंधरा आकडे मोजता मोजता ती स्वतःचाही पाय दुमडून-लांबवून पाही, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळले.

वहीत २२ नोव्हेंबरला ‘नखे टेकली’ असे आहे. दहाव्या दिवशी त्याने पहिल्यांदा बोटे जमिनीला लावली. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, सकाळचा कार्यक्रम चिरंजीवांवर सोपवून आम्ही पुण्याला जाऊन टाके काढून आणले. ६ डिसेंबरला घरची मंडळी नेहमीप्रमाणे चैत्यभूमीला निघाली. शेरूपाशी कोणीतरी थांबायला हवे होते. आई म्हणाली, मी थांबते. पण चौतीस किलो साडीने पेलणे तिच्याच्याने होणार नव्हते आणि तिचे जाणे चुकावे हे आम्हाला पटणारे नव्हते. आम्ही थांबलो. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा आम्ही दादरला गेलो नाही. त्यावर पुढे दोन-तीन सभासदांनी आम्हाला छेडले, रागावून नव्हे, पण छेडले. आम्ही उत्तर दिले नाही. आजही देणार नाही.

कठीण काळ कोणता, असे विचाराल तर पहिला आठवडा नव्हे. पहिल्या आठवड्यात जनावर दुखण्याने स्वतःच पडून राहते. कठीण तिसरा ते सहावा. दुखणे गेलेले असते, ऊती धरलेली नसते. त्याला वाटते मी बरा झालो. आपल्यालाही वाटते झाला बरा, कशाला बिचाऱ्याला डांबून ठेवायचे. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, अहो सोडा की जरा. आणि तो आपल्याकडे अशा नजरेने पाहतो, की बांधून ठेवणारा आपण गुन्हेगार. पट्टा आखूड धरून, अगदी हळू, रेंगाळत चालायचे, कारण हळू चालला तरच तो दुखरा पाय टेकतो. जरा वेग वाढला की पाय उचलून तीन पायांवर पळू पाहतो. पहिल्या दोन आठवड्यांत पाच मिनिटे, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची. मागे बसून परत उठण्याचा व्यायाम पाचव्या आठवड्यापासून. चढ-उतार त्यानंतर.

१८ डिसेंबर, रविवार. पाचवा आठवडा संपून एक दिवस झाला होता. वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे, ‘सुटला’. दोष कोणाचा म्हणाल तर आमचा. भिस्तबागेच्या बाजूला फिरवताना ओळखीचे गृहस्थ भेटले, बोलण्यासाठी आम्ही पट्टा डाव्या हातात घेतला, समोरून डुकराचे पिल्लू गेले आणि पट्टा हातातून निसटला. वीस-पंचवीस पावले असतील. शेरू चार पायांवर धावला, मग तीन पायांवर आला, मग बसला. आम्ही त्याला उचलून घरापर्यंत आणले. एवढे वजन कसे उचलले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुण्याला गेलो. डॉक्टरांनी गुडघा ओढून पाहिला. दोरा टिकला होता. सांध्याला सूज होती. दोन आठवडे मागे या, म्हणाले. पुन्हा पाच मिनिटे. पुन्हा साडी.

याच दिवसांत एका लग्नघरी आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सर्वांसमोर म्हटले, “आईचा गुडघा राहिला आणि कुत्र्याचा केला.” मंडपात हसू झाले. हे बोलणे खोटे नव्हते. आईला २०१९ साली डॉक्टरांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले होते. ती नको म्हणाली. पुढे करोना आला. त्यानंतर आम्ही विचारले, ती परत नको म्हणाली आणि आम्ही बरे म्हणालो. त्या मंडपात आईच बोलली, “मला विचारलं होतं, मी नको म्हटलं. त्याला कुठं कुणी विचारलं?” पुन्हा हसू झाले आणि विषय संपला. आमच्यापुरता तो संपला नाही. नको म्हणायला सोपे जावे असेच आपण आईला विचारीत आलो का, हे आम्ही त्या दिवसापासून स्वतःला विचारीत आहोत. शेरूच्या बाबतीत ‘बघू पुढे’ म्हणून आम्ही दोन महिने घालविले आणि एक चकती गेली.

गेल्या आठवड्यात अकरावीतील एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, काका, तेवढ्या पैशात माझ्यासारख्या एकाची वर्षाची फी झाली असती. झाली असती. त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. एवढेच सांगतो, की मूळ चूक खर्च करण्यात नव्हती, आधीच्या पाच वर्षांत होती. वजन आटोक्यात ठेवायला एक पैसा लागत नव्हता, उलट बिस्किटांचे पैसे वाचत होते. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज घरी जाऊन त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर वाटी बदलावी. आणि मागचा पाय दोन-तीन दिवसांहून जास्त लंगडत असेल तर गुडघा ओढून पाहणारा डॉक्टर गाठावा. नुसत्या क्ष-किरण चित्रात हा बंध दिसत नाही, सूज आणि झीज तेवढी दिसते.

१४ जानेवारी २०२३ ला, दुसऱ्या शनिवारी, पुण्याला तपासणी झाली. गुडघा धरलेला होता. बारा आठवडे आणि मागे गेलेले दोन, असे चौदा आठवडे मोजून १८ फेब्रुवारीला खाट सरकवली. शेरू जिन्याखालून बाहेर आला, सतरंजीच्या वाटेने दारापर्यंत गेला, उंबऱ्याशी थांबला आणि साडीची वाट पाहत उभा राहिला. आई म्हणाली, “जा की आता.” तेव्हा गेला. मांडीचे माप त्या दिवशी एक सेंटिमीटरने कमी होते. उन्हाळ्यापर्यंत तेही भरले. वजन अठ्ठावीस किलो. वाण्याच्या काट्यावर आता कोणी हसत नाही, कारण वाण्याने स्वतःच बिस्किटे देणे बंद केले आहे.

आता शेरूचे वय झाले. थंडीत सकाळी उठताना पाय धरतो, चार पावलांनी मोकळा होतो. एका गुडघ्याचा बंध गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवले होते, म्हणून दर रविवारी डाव्या मांडीलाही टेप लागते. वही चालू आहे. ती सोबत आणली आहे. कोणाला नक्कल करून घ्यायची असेल तर सभेनंतर सचिवांकडे मिळेल. तिची शेवटची चार पाने कोरी ठेवली आहेत, त्यांतल्या पहिल्या पानावर आईचे नाव घातले आहे. तारीख अजून घातलेली नाही. येत्या सोमवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहोत. या वेळी तिला विचारलेले नाही, नुसते सांगितले आहे.